नव्या मालकाचा पहिला मोसम कसा वाचावा? साउथ सिडनी, 2006

लालहिरवा

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा इतिहास वाचत असताना साउथ सिडनी रॅबिटोज या क्लबच्या 2006च्या मोसमापाशी मी अडखळलो आहे. जाणकारांनी थोडा प्रकाश टाकावा, अशी विनंती आहे.

प्रथम पार्श्वभूमी, म्हणजे ज्यांना हा खेळ फारसा परिचित नाही त्यांनाही चर्चेत भाग घेता येईल. रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ असून, पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनहून त्याचे नियम आणि त्याची व्यावसायिक रचना दोन्ही वेगळी आहेत. साउथ सिडनीची स्थापना 17 जानेवारी 1908 रोजी रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये झाली. कामगारवस्तीचा हा क्लब, आणि ऑस्ट्रेलियात सर्वाधिक अजिंक्यपदे त्याच्याच नावावर आहेत. मात्र 1971 सालच्या विसाव्या अजिंक्यपदानंतर त्याची घसरण सुरू झाली. लीगने संघांची संख्या कमी करण्याचे ठरवले, तेव्हा 1999च्या मोसमाअखेरीस या क्लबला चक्क वगळण्यात आले. समर्थकांनी मोर्चे काढले, न्यायालयीन लढा दिला, आणि दोन मोसम बाहेर काढल्यावर 2002 मध्ये क्लब परतला. परतल्यावरही 2003 आणि 2004 मध्ये तो गुणतक्त्यात शेवटच्या क्रमांकावर राहिला.

आता मूळ मुद्दा. मार्च 2006 मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मोबदल्यात क्लबचा 75 टक्के हिस्सा घेतला. उरलेला 25 टक्के हिस्सा सभासदांकडे राहिला. सभासदांनी चालवलेला क्लब खाजगी हातांत गेला. आणि त्याच मोसमात संघाने 24 पैकी अवघे तीन सामने जिंकले, एकवीस गमावले, आणि तो पुन्हा तळाला गेला.

असे असूनही, जे काही वाचायला मिळते त्यात 2006 हे वर्ष क्लबच्या पुनरुज्जीवनाचे वर्ष म्हणूनच नोंदवलेले दिसते. हे मला पटत नाही. पुढे 2014 मध्ये अजिंक्यपद मिळाले म्हणून मागे वळून 2006ला चांगले म्हणणे, हा निकाल पाहून कारण शोधण्याचा प्रकार नव्हे काय? 2006च्या सप्टेंबरात एखाद्या सभासदाने प्रामाणिकपणे हिशेब मांडला असता, तर आपण आपला क्लब विकून चूक केली, असाच निष्कर्ष त्याला काढावा लागला नसता का? नव्या मालकाचा पहिला मोसम पाहून त्याच्याविषयी काही ठरवता येते की नाही, आणि येत असेल तर नेमके काय पाहायचे, हा माझा प्रश्न आहे.

जुना_हुकर

प्रश्न चांगला आहे आणि तो सरळ विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

2006च्या गुणतक्त्यावरून नव्या मालकांना जोखणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याचे कारण तारखांमध्येच आहे. सभासदांचे मतदान 19 मार्च 2006 रोजी झाले. त्या वेळी मोसम सुरू झालेला होता. व्यावसायिक रग्बी लीगमध्ये संघाची बांधणी आदल्या वर्षीच होते, कारण खेळाडू पुढच्या मोसमाचे करार बरेच आधी करून मोकळे होतात. शिवाय प्रत्येक क्लबला खेळाडूंच्या एकूण वेतनावर लीगने घातलेली मर्यादा पाळावी लागते. ही वेतनमर्यादा सर्व क्लबांना सारखीच असते. त्यामुळे मालक कितीही धनाढ्य असला, तरी मोसमाच्या मध्यावर पैसे ओतून संघ बदलणे त्याला शक्य नसते. फुटबॉलच्या क्लबांची सवय असलेल्या वाचकाच्या हे चटकन लक्षात येत नाही. 2006 मध्ये मैदानावर उतरलेला संघ, त्याचे प्रशिक्षक शॉन मॅक्रे आणि त्याचे अंदाजपत्रक, हे सगळे आधीच्या व्यवस्थेने ठरवलेले होते. ते तीन विजय आणि एकवीस पराभव नव्या मालकांच्या काळात नोंदले गेले इतकेच. त्यांची मुळे 1999च्या हकालपट्टीत आहेत. दोन मोसम बाहेर राहिलेल्या क्लबकडे 2002 मध्ये ना स्थिर संघ होता ना तयार होत आलेली तरुण फळी, आणि ती उणीव चार वर्षांत भरून निघणारी नव्हती.

नव्या मालकांचे काम पाहायचे तर 2007 पाहावे लागते. जेसन टेलर प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी आदल्याच वर्षी पॅरामॅटाच्या संघाची सूत्रे मोसमाच्या मध्यावर हाती घेऊन त्याला बाद फेरीपर्यंत नेले होते. कॅन्टरबरीकडून रॉय असोटासी, क्रोनल्लाकडून नायजेल वगाना, मेलबर्नकडून डेव्हिड किडवेल आणि पॅरामॅटाकडून डीन विडर्स असे अनुभवी, देशाकडून खेळलेले किंवा त्या तोडीचे खेळाडू दाखल झाले. यात पैशापेक्षा वेगळे काहीतरी घडले होते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. वेतनमर्यादा सर्वांना सारखी असताना एखादा खेळाडू तळाच्या क्लबकडे का येईल? त्याला तिथे भविष्य दिसले तरच. 2006चे सर्वांत मोठे फलित हे होते की, तीन सामने जिंकणाऱ्या क्लबकडे यायला चांगले खेळाडू तयार झाले.

2007 मध्ये संघाने बारा सामने जिंकले, बारा हरला आणि सातव्या क्रमांकावर राहून बाद फेरीत पोहोचला. 1989 नंतर प्रथमच. पहिल्याच बाद सामन्यात मॅनलीने त्यांचा 30-6 असा पराभव केला, पण अठरा वर्षांनी सप्टेंबर महिन्यात लाल-हिरवी जर्सी मैदानावर दिसली, याचे मोल समर्थकांच्या लेखी काय होते हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक बाब. क्रो हे क्लबकडे बाहेरून आलेले गुंतवणूकदार नव्हते. 1999 मध्ये हकालपट्टीविरुद्धच्या लढ्यासाठी निधी उभारला जात होता, तेव्हा 1908 साली ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा पहिला सामना ज्या पितळी घंटेच्या नादाने सुरू झाला होता, ती घंटा लिलावात 42 हजार डॉलरना त्यांनी विकत घेतली होती. म्हणजे मालकीचा विषय निघण्याच्या कितीतरी आधीपासून ते या क्लबच्या बाजूने उभे होते. सभासदांनी मत देताना हे नक्कीच लक्षात घेतले असणार.

कोळसाबंदर

जुना_हुकर यांचे विवेचन मला मान्य आहे, मात्र त्यांनी जो शेवटचा मुद्दा मांडला, की मालक क्लबचा आपला माणूस असला म्हणजे भरवसा ठेवता येतो, तिथे मला सावध करावेसे वाटते. त्याच लीगमध्ये, अवघ्या पाच वर्षांनी, याच्या अगदी उलट गोष्ट घडली आहे.

न्यूकॅसल नाइट्स हा सिडनीच्या उत्तरेकडील कोळशाच्या बंदराचा क्लब. 1997 आणि 2001 मध्ये अजिंक्यपद जिंकलेला. त्या भागातच कोळसा खाणींतून अमाप पैसा मिळवलेले नेथन टिंकलर हे मालक व्हायला पुढे आले. दहा वर्षांत दहा कोटी डॉलरचे पाठबळ देण्याची त्यांची तयारी होती. 31 मार्च 2011 रोजी सभासदांनी मतदान केले, आणि सुमारे 97 टक्के मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. साउथ सिडनीचा आकडा याच्याशेजारी ठेवून पाहा. तिथे प्रस्ताव संमत व्हायला 75 टक्के मते लागत होती आणि मिळाली 75.8 टक्के! क्लबच्या पुनरागमनाचा लढा ज्यांनी लढवला, ते माजी खेळाडू आणि माजी प्रशिक्षक जॉर्ज पिगिन्स हेच विक्रीच्या विरोधात ठामपणे उभे होते. ज्या माणसाने क्लब न्यायालयातून परत मिळवला, त्याच्या शब्दाविरुद्ध हात वर करताना रेडफर्नच्या जुन्या सभासदाला काय वाटले असेल, याची कल्पना करा. एक टक्क्यालाही कमी असलेल्या फरकाने तो ठराव तरला.

न्यूकॅसलमध्ये असा विरोध जवळपास नव्हताच. पहिल्या मोसमासाठी, म्हणजे 2012 साठी, वेन बेनेट यांच्यासारखा लीगमधील सर्वांत यशस्वी प्रशिक्षक आला. मोसम बाराव्या स्थानावर संपला. समर्थकांनी संयम ठेवला, आणि तो फळालाही आला असे वाटले, कारण 2013 मध्ये सातव्या स्थानावरून बाद फेरीत शिरलेला संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तिथे सिडनीच्या रूस्टर्स संघाने त्यांना 40-14 असे हरवले. मैदानावरच्या निकालांवरून बोलायचे तर टिंकलर यांचा दुसरा मोसम क्रो आणि होम्स अ कोर्ट यांच्या दुसऱ्या मोसमाहून सरस होता.

पण कोळशाचा भाव पडला तशी मालकाची आर्थिक स्थिती ढासळली, आणि 2014च्या मध्यावर लीगलाच क्लब ताब्यात घ्यावा लागला. बेनेट त्या वर्षाअखेर ब्रिस्बेनला परतले. त्यानंतर 2015, 2016 आणि 2017 अशी सलग तीन वर्षे न्यूकॅसल शेवटच्या स्थानावर होते. 2016 मध्ये तर संपूर्ण मोसमात एक विजय आणि एक बरोबरी, एवढीच कमाई.

म्हणून माझे मत असे की, पहिल्या मोसमाचा गुणतक्ता जसा फसवा असतो, तसाच दुसऱ्या मोसमाचाही फसवा असू शकतो. 2013च्या सप्टेंबरात न्यूकॅसलच्या समर्थकाने काय म्हणायला हवे होते? त्याच्यासमोर बाद फेरीचे विजय होते, बेनेट होते, भरलेले मैदान होते. ज्या एका गोष्टीवर सारे उभे होते, ती म्हणजे एका माणसाची एका व्यवसायातील मिळकत, आणि ती मैदानावरून दिसत नाही.

शनिवार_दुपार

इंग्लंडकडचे एक उदाहरण देतो. विगन वॉरियर्सची सूत्रे 2023च्या अखेरीस इयन लेनागन यांच्याकडून माइक डॅन्सन यांच्याकडे आली. पुढच्याच मोसमात, 2024 मध्ये, विगनने उपलब्ध असलेले चारही चषक जिंकले. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पेन्रिथ पँथर्सला 16-12 असे हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज (दोन्हीकडच्या विजेत्यांमधला सामना), जूनमध्ये वेम्बलीवर वॉरिंग्टनला 18-8 असे नमवून चॅलेंज कप, नंतर लीगमधील अव्वल स्थानाची ढाल, आणि ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर हल केआरविरुद्ध 9-2 असा विजय मिळवून ग्रँड फायनल. त्या अंतिम सामन्यातला एकमेव ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) बेव्हन फ्रेंचने केला.

नव्या मालकाचा याहून चांगला पहिला मोसम कोणाला लाभणार? तरीही या यशाचे श्रेय केवळ मालकबदलाला कोणी देणार नाही. मॅट पीट हे प्रशिक्षक आधीपासूनच होते, क्लबच्या स्वतःच्या प्रबोधिनीतून आलेले खेळाडू आधीपासूनच होते, आणि डॅन्सन स्वतःही मालकी पूर्णपणे घेण्याआधी क्लबमध्ये भागीदार होतेच. चालत्या घडीला हात न लावण्याचा निर्णय त्यांनी घेतला, आणि मालकाच्या बाबतीत हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो. साउथ सिडनीचा 2006चा तळ आणि विगनचे 2024चे शिखर, या दोन्ही गोष्टी मुख्यतः आदल्या कारभाराच्या पदरात टाकायला हव्यात, असे माझे म्हणणे आहे.

लालहिरवा

सर्वांचे मनापासून आभार. करारांचा आणि वेतनमर्यादेचा मुद्दा मी पुरेसा लक्षात घेतला नव्हता, आणि त्यामुळे 2006च्या निकालांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

पण कोळसाबंदर यांच्या उत्तराने माझा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक टोकदार झाला आहे. पहिला मोसम आदल्या कारभाराचा आरसा आणि दुसरा मोसमही भरवशाचा नाही, असे असेल तर सभासदाने, समर्थकाने पाहायचे तरी काय? सामन्याचे तिकीट आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्या माणसाला पाच-सात वर्षे थांबा आणि मग ठरवा, असे सांगणे मला पुरेसे वाटत नाही. मोसम चालू असताना दिसू शकतील अशा काही खुणा असतात का?

ताळेबंद

खुणा असतात, आणि त्या बऱ्याचदा सामन्याच्या बातमीत नसून तिच्या शेजारच्या छोट्या बातमीत असतात. मी क्लबांच्या आर्थिक बाजूकडे लक्ष ठेवतो, म्हणून त्या अंगाने लिहितो.

पहिली आणि सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे वेतन. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात की नाही, एवढा एकच प्रश्न मालकाविषयी इतर सगळ्या प्रश्नांहून अधिक सांगून जातो. याचे अलीकडचे आणि फार क्लेशदायक उदाहरण सॅलफर्ड रेड डेव्हिल्सचे आहे. 2024 मध्ये हा संघ सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडकडच्या सर्वोच्च स्तरावर, चौथा आला होता. प्रशिक्षक पॉल रोली यांनी मर्यादित साधनांत घडवलेला तो संघ पाहताना आनंद होत असे. पण त्याच वर्षाच्या अखेरीस क्लबने मध्यवर्ती निधीतून पाच लाख पौंडांची उचल मागितली होती, आणि खेळाच्या नियामक संस्थेने त्याच्या खेळाडूंवरील खर्चाला 12 लाख पौंडांची मर्यादा घातली. फेब्रुवारी 2025 मध्ये, मोसमाच्या तोंडावर, नवे मालक आले. आता निधी येईल आणि मर्यादा उठेल, अशी सर्वांना आशा होती. निधी वेळेत आला नाही, मर्यादा कायम राहिली, आणि 15 फेब्रुवारी रोजी मोसमाच्या पहिल्याच सामन्यात बहुतांशी कोवळ्या खेळाडूंचा संघ घेऊन सॅलफर्डला सेंट हेलेन्सच्या मैदानावर उतरावे लागले. निकाल 82-0.

त्या सामन्याकडे केवळ गुणफलक म्हणून पाहू नये. रग्बी लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा अडवून पाडेपर्यंत, चेंडू राखता येतो, आणि प्रत्येक टॅकलमागे बचाव करणाऱ्याचे शरीर असते. ज्यांची शरीरे अजून पूर्ण भरलेली नाहीत अशा मुलांनी ऐंशी मिनिटे कसलेल्या खेळाडूंना अडवत राहायचे, ही सुरक्षिततेची बाब आहे. पुढे संपूर्ण मोसमभर वेतनाला विलंब होत राहिला, मार्क स्नीड आणि कॅलम वॉटकिन्स यांच्यासारखे प्रमुख खेळाडू एकेक करून दुसऱ्या क्लबांकडे गेले, पुरेसे खेळाडू नसल्याने ऑगस्टमध्ये वेकफिल्डविरुद्धचा सामना खेळवता आला नाही, आणि संघ तळाला गेला. डिसेंबर 2025 मध्ये न्यायालयाने कंपनी बंद करण्याचा आदेश दिला. 1873 पासून चालत आलेल्या क्लबची ही अवस्था झाली. त्याच शहरात नव्या संस्थेने खालच्या स्तरावर नव्याने सुरुवात केली आहे, पण म्हणून त्या वर्षी ज्यांचे पगार थकले त्यांचे झालेले हाल कमी होत नाहीत.

आता 2006च्या साउथ सिडनीशी तुलना करा. दोन्ही संघ तळाला. दोन्हीकडे मोसमात तीन-तीनच विजय. गुणतक्ता दोघांविषयी एकच गोष्ट सांगतो. पण एकीकडे मोसम पुढे सरकला तसे खेळाडू यायला लागले, आणि दुसरीकडे जायला लागले. लालहिरवा, तुम्ही विचारलेली खूण हीच. मोसमाच्या मध्यावर कोण करार करतो आहे आणि कोण सोडून जातो आहे, ते पाहावे. खेळाडूंना आणि त्यांच्या प्रतिनिधींना क्लबच्या तिजोरीची अवस्था आपल्याआधी कळलेली असते.

दुसरी खूण म्हणजे उत्पन्नाचे मार्ग. सिडनीतील अनेक क्लब त्यांच्याशी संलग्न लीग्स क्लबांतील (सभासदांसाठीच्या करमणूक केंद्रांतील) जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नावर चालतात. क्रो आणि होम्स अ कोर्ट यांनी या यंत्रांवर अवलंबून राहण्याला उघड विरोध केला आणि सभासदत्व, प्रायोजक आणि सामन्याची तिकिटे यांवर भर दिला. त्यांचे सगळेच निर्णय सर्वांना रुचले नाहीत. 2007च्या मोसमापासून मैदानावरच्या नाचणाऱ्या मुलींच्या चमूऐवजी स्त्री-पुरुषांचे मिश्र ढोलपथक आणण्यात आले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते, कारण कुटुंबातील स्त्रिया आणि मुली मैदानावर याव्यात हा त्यामागचा हेतू साफ होता. पण मुद्दा असा की, मालक पैसा कुठून येणार हे उघडपणे सांगत होते, आणि त्या वाटेने चालतही होते. न्यूकॅसलमध्ये पैसा एकाच खिशातून येत होता.

जुना_हुकर

ताळेबंद यांच्या लिखाणाला दुजोरा देतो आणि त्यात थोडी भर घालतो. साउथ सिडनीची वाट 2007 नंतर सरळ चढणीची होती, असा समज कोणी करून घेऊ नये. 2008 मध्ये संघ पुन्हा चौदाव्या स्थानावर घसरला आणि होम्स अ कोर्ट कार्यकारी अध्यक्षपदावरून बाजूला झाले. 2009 नंतर टेलर यांची जागा जॉन लँग यांनी घेतली. म्हणजे मालकी घेऊन तीन वर्षे उलटल्यावरही, शंका घ्यायला सभासदांकडे भरपूर कारणे होती. लालहिरवा यांची 2006ची शंका 2008 मध्ये तर अधिकच रास्त ठरली असती.

मला विशेष उल्लेखनीय वाटते ते असे की, या पडझडीतही क्लबने खेळाडू निवडताना लांबचा विचार सोडला नाही. 2010 मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्डहून सॅम बर्जेस आला, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. 2011 मध्ये ग्रेग इंग्लिस आला. 2012 मध्ये मायकल मॅग्वायर प्रशिक्षक झाले आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी संघ उपांत्य सामन्यापर्यंत जाऊन हरला. सलग दोन वर्षे अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परत फिरल्यावर प्रशिक्षक बदलण्याचा मोह कोणत्याही मालकाला झाला असता. तो झाला नाही, किंवा आवरला गेला. क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी शेन रिचर्डसन तर 2004 पासूनच तिथे होते, आणि नव्या मालकांनी त्यांना ठेवले. जुन्या व्यवस्थेतील कामाची माणसे ओळखून ती टिकवणे, हाही मालकाच्या पहिल्या मोसमातला निर्णयच असतो, आणि तो 2006 मध्येच घेतला गेला होता.

5 ऑक्टोबर 2014 चा अंतिम सामना बहुतेकांना ठाऊक आहे. कॅन्टरबरीचा जेम्स ग्रॅहम याला अडवताना पहिल्याच टक्करीत बर्जेसच्या गालाचे हाड मोडले. तो उठला, डोळ्याखालची सूज दर मिनिटाला वाढत असताना उरलेला सामना खेळला, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. साउथ सिडनीने तो सामना 30-6 असा जिंकला. सात वर्षांपूर्वी मॅनलीने त्यांना याच फरकाने बाहेर काढले होते. 1971 नंतर त्रेचाळीस वर्षांनी एकविसावे अजिंक्यपद आले.

कोळसाबंदर

एक गोष्ट राहून गेली होती, आणि लालहिरवा यांनी सभासदाच्या बाजूने प्रश्न विचारला असल्याने ती सांगायलाच हवी. मालक बदलतो तेव्हा सभासदांच्या हाती काय उरते, हे पहिल्या दिवशीच्या करारात वाचता येते. त्यासाठी एकही सामना पाहावा लागत नाही.

साउथ सिडनीच्या सभासदांनी स्वतःकडे 25 टक्के हिस्सा ठेवला, आणि त्याचबरोबर क्लबचे नाव, रंग आणि बोधचिन्ह त्यांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही, अशी तजवीज केली. मालकी पुढे बदलली, होम्स अ कोर्ट यांचा हिस्सा 2014 मध्ये जेम्स पॅकर यांच्याकडे गेला, तरी सभासदांचा वाटा अबाधित राहिला. न्यूकॅसलमध्ये जवळजवळ सगळ्यांनीच होकार भरला असला तरी, करारात सभासदांच्या संस्थेच्या हाती बँक हमी ठेवण्याची अट होती. 2014 मध्ये ही हमी आणि लीगचा हस्तक्षेप यांमुळेच क्लब बुडण्यापासून वाचला. पुढे 2017च्या अखेरीस क्लबची मालकी वेस्ट्स ग्रुप या स्थानिक संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये संघ बाद फेरीत परतला. सॅलफर्डच्या समर्थकांच्या हाती मात्र 2025 मध्ये निषेधाच्या फलकांखेरीज काहीच नव्हते.

पिगिन्स यांचा विरोध निष्फळ ठरला, असे जे लिहिले जाते ते मला याच कारणाने पटत नाही. इतका कडवा विरोध असल्यामुळे प्रस्ताव मांडणाऱ्यांना प्रत्येक सभासदाचे मन वळवावे लागले, आणि 75 टक्क्यांचा उंबरठा गाठायचा तर सभासदांना काहीतरी ठोस द्यावे लागणार, हेही त्यांना कळून चुकले होते.

लालहिरवा

मतदान आणि करार यांच्याकडे मी केवळ औपचारिकता म्हणून पाहत होतो. आता 19 मार्चच्या सभेपूर्वी सभासदांपुढे जो प्रस्ताव ठेवण्यात आला होता, त्यातील अटी आधी वाचतो. 2006च्या सामन्यांचे निकाल त्यानंतर पुन्हा चाळेन, आणि या वेळी कोणत्या फेरीच्या सुमारास कोणत्या खेळाडूने 2007 साठी करार केला, तेही निकालांशेजारी मांडेन. जुळणी पूर्ण झाली की इथेच ठेवतो, म्हणजे जुना_हुकर आणि ताळेबंद यांना ती तपासता येईल.